जामीन कोण राहणार? कामाच्या जागेवरील खून आणि कच्चे कैदी

दिवाळी सरली की पालघर जिल्ह्यातल्या सूर्यमाळ आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरची वारली, कातकरी, कोकणा, ठाकूर कुटुंबे जगायला खाली उतरतात. अनेक जण भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. अंगावर आगाऊ मजुरीची उचल असते, झोपडी भट्टीलाच लागून असते, जे शेजारी, तेच सोबती असतात. अशा जागी माणूस मारला गेला, तर खटल्याच्या आधी न्यायालयापुढे प्रश्न येतो तो आरोपीला निकालापर्यंत तुरुंगात ठेवायचे की जामिनावर सोडायचे हा. त्याचा अभ्यास करू पाहणारे विद्यार्थी, तरुण वकील आणि पाड्यांवरचे कार्यकर्ते यांच्यासाठी ही प्रस्तावना.

कायद्याची चौकट लवकर समजते. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. खुनाच्या गुन्ह्यात 90 दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. मात्र कमाल शिक्षेचा ठरावीक हिस्सा आत काढल्यावर मिळणारी सुटका खुनाच्या आरोपीला नाही, कारण त्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप आहे. मग उरते न्यायाधीशांचे तारतम्य: पुरावा कसा आहे, आरोपी पळेल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, खटला किती रखडला आहे. गुन्हा कितीही गंभीर असो, जलद सुनावणीचा हक्क उरतोच, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले.

खरी मेहनत याच्या पुढे आहे. आरोपी भट्टीमालक किंवा मुकादम असेल, तर साक्षीदार त्याच्याच उचलीखाली असतात. त्याला बाहेर सोडण्याचा अर्थ वेगळा. आरोपी मजूर असेल, तर धमकावण्याची ताकद त्याच्याकडे क्वचितच असते, पण पावसाळ्यात पांगलेले साक्षीदार मिळेपर्यंत तो आत राहतो. दोन्ही अर्जांना एकच माप लावणे मला अन्यायाचे वाटते. मृताचे घरही अनेकदा शेजारच्याच पाड्यावर असते. पीडितांना प्रत्येक टप्प्यावर ऐकले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. अभ्यासकाने त्या घरीही बसले पाहिजे.

जामीन मंजूर झाल्यावरही दार उघडेलच असे नाही. मोतीराम खटल्यात (1978) एका गवंड्याकडे 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला गेला आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला लावले. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि भिवंडी ठाण्यातच राहिली. त्यामुळे भिवंडीत अटक झालेल्या सूर्यमाळच्या मजुराचे सगळे गणगोत आज ‘दुसऱ्या जिल्ह्यातले’ आहे. शिवाय 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेला वनपट्टा विकता येत नाही. जमीन हातची जाऊ नये म्हणून घातलेले ते बंधन योग्यच आहे. पण जिच्यावर टाच आणता येत नाही, त्या जमिनीवर जामीनदाराची ऐपत कशी मोजायची, यावर मराठीत कुणीतरी नीट लिहायला हवे.

नव्याने येणाऱ्यांनी निवाड्यांच्या आधी जामिनाच्या अटी वाचाव्यात: रक्कम किती, हजेरी कोणत्या पोलीस ठाण्यात, तिथवर जायचे भाडे किती. जामीन मिळूनही माणूस सात दिवसांत सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालयाने अट सैल करण्याचा विचार करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये दिले आहेत. जव्हार-मोखाड्याच्या किती माणसांपर्यंत ते पोचले, हे शोधण्याचे काम तुमची वाट पाहत आहे.