मिल हिलच्या शाळेतला मुलगा आणि पाच वॅटचा रेडिओ

बुधवारची रात्र आठवते का? आठ वाजले की ज्याच्या घरी मोठा रेडिओ, त्याच्या ओट्यावर आपण जमायचो. रेडिओ सिलोन, शॉर्टवेव्ह, बिनाका गीतमाला. अमीन सयानींचा आवाज मध्येच अंगावर यायचा, मध्येच विहिरीत उतरल्यासारखा खोल जायचा, आणि नेमके वरच्या पायदानचे गाणे लागले की खरखर सुरू. मग कोणीतरी उठून रेडिओच्या पाठीत एक धपाटा घालायचा. आवाज परत यायचा तो धपाट्याने नव्हे, हे मला फार उशिरा कळले. तो वर-खाली करणारी गोष्ट आपल्या डोक्यावर अडीचशे-तीनशे किलोमीटर उंच होती.

माझ्या हौशी रेडिओच्या वेडाबद्दल तुमच्यापैकी अनेकांना माहिती आहे. मागच्या मेळाव्यात निदान तिघांनी विचारले, "अरे, खिशात मोबाइल असताना हे कट्ट-कडकट्ट कशाला?" जेवणाची रांग पुढे सरकत होती, त्यामुळे उत्तर अर्धवट राहिले. संपादकांनी लेख मागितला तेव्हा ठरवले की ते आता पुरे करावे. मात्र सुरुवात माझ्यापासून नको. ती एका दुसऱ्याच शाळेपासून करतो.

लंडनच्या उत्तरेला मिल हिल नावाची शाळा आहे. १८ ऑक्टोबर १९२४ च्या सकाळी त्या शाळेतल्या वायरलेस स्टेशनवर सेसिल गॉयडर नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी कानाला हेडफोन लावून बसला होता. त्याच वेळी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ओटागो भागातल्या शॅग व्हॅली नावाच्या मेंढ्यांच्या कुरणावर संध्याकाळ होत होती. तिथे फ्रँक बेल आपल्या यंत्रापुढे होता. पहिल्या महायुद्धातून आजारी होऊन घरी परतलेला हा माणूस घरच्या घरी वायरलेस शिकला होता. त्या दिवशी या दोघांचे मोर्समध्ये बोलणे झाले. ब्रिटन आणि न्यूझीलंड यांच्यातला हा पहिला दुतर्फा रेडिओ संपर्क. अंतर सुमारे १९,००० किलोमीटर. पृथ्वीच्या गोळ्यावर दोन माणसे याहून फार लांब जाऊच शकत नाहीत. त्यापुढे गेले की दुसऱ्या बाजूने जवळ येऊ लागतात.

एका टोकाला शाळकरी मुलगा आणि दुसऱ्या टोकाला मेंढपाळाचे घर! फ्रँकने पुढे शेतीत लक्ष घातले, तेव्हा ते स्टेशन त्याची बहीण ब्रेंडा चालवू लागली. न्यूझीलंडमधली ती पहिली महिला हौशी रेडिओचालक. १९२७ मध्ये तिने दक्षिण आफ्रिकेशी संपर्क साधला.

आता यात विशेष काय, ते समजायला थोडे मागे जावे लागेल. मार्कोनीने डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडे तीन टिंबांचे एक अक्षर पोचवले, हे आपण विज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहे. त्यानंतरची पंचवीस वर्षे बड्या मंडळींचा हिशेब सरळ होता: लांब जायचे तर लहर लांब हवी, खांब उंच हवेत, वीज भरपूर हवी. इंग्लंडमध्ये रग्बी येथे १९२६ मध्ये सुरू झालेल्या सरकारी स्टेशनचे मनोरे ८२० फूट उंच होते, असे एकूण बारा, आणि शक्ती शेकडो किलोवॅट. त्याची लहर अठरा किलोमीटरहून लांब.

या हिशेबात दोनशे मीटरपेक्षा आखूड लहरी म्हणजे भंगार. अमेरिकेने १९१२ च्या कायद्याने हौशी मंडळींना तिकडेच ढकलले. खेळायचे ना, खेळा त्या कोपऱ्यात! ब्रिटनमध्ये युद्धानंतर हौशी माणसाला मिळणारा साधा परवाना दहा वॅटचा असे. जास्त शक्ती हवी तर वेगळी परवानगी. गावाबाहेरची खडकाळ जमीन वाट्याला यावी आणि तिथेच पाणी लागावे, तसे पुढे झाले. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली नावाचा अमेरिकन हौशी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रोसन येथे तंबू ठोकून बसला आणि अमेरिकेतल्या हौशींचे संकेत त्याने तिथे ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये कनेक्टिकटमधला फ्रेड श्नेल आणि फ्रान्समधल्या नीसचा लिऑन डेलॉय यांनी शंभर मीटरच्या आसपासच्या लहरींवर अटलांटिक ओलांडून दुतर्फा संभाषण केले. पुढच्याच वर्षी गॉयडर आणि बेल. सगळे त्या 'भंगारात'.

हे का घडते, याचे कारण तेव्हा यांतल्या कोणालाच नीट माहीत नव्हते. वातावरणाच्या वरच्या थरात विद्युतभारित कणांचा एक पट्टा असावा आणि तो लहरी परत खाली पाठवत असावा, असा तर्क केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२ मध्येच केला होता. पण पुरावा नव्हता. तो एडवर्ड ॲपलटन आणि त्यांचे सहकारी बार्नेट यांनी दिला, डिसेंबर १९२४ मध्ये. तारखा पुन्हा पाहा. शाळेतल्या मुलाचा न्यूझीलंडशी संपर्क ऑक्टोबरमध्ये, आणि आकाशात 'आरसा' आहे हे सिद्ध झाले डिसेंबरमध्ये. ॲपलटनना त्यासाठी १९४७ मध्ये नोबेल मिळाले. ते योग्यच होते. तरी आधी कोण पोचले, हे मला शाळेत कोणी सांगितले असते तर मी भौतिकशास्त्राचा अभ्यास जरा बऱ्या मनाने केला असता.

या आरशाला आपण आयनोस्फिअर म्हणतो. सूर्याच्या किरणांनी तो तयार होतो, त्यामुळे दिवसा एक, रात्री दुसरा, आणि सूर्यावरच्या डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राबरोबर त्याचा मूड बदलतो. त्याचा सर्वांत खालचा थर दिवसा लहरी गिळतो आणि सूर्य मावळला की विरून जातो. एका टोकाला पहाट आणि दुसऱ्या टोकाला सांज असली, की त्या मार्गावर लहरी विशेष सुखाने जातात. गॉयडर-बेल यांची वेळ नेमकी तशी होती.

आणि शक्तीचा हिशेब तर फारच गमतीचा आहे. रेडिओवर संकेत किती जोरात येतो हे दाखवणारा एक काटा असतो. तो एक घर वर चढवायचा तर शक्ती चौपट करावी लागते. म्हणजे शंभर वॅटचे पाच वॅट केले, तर पलीकडच्या माणसाचा काटा जेमतेम दोन घरे उतरतो. वाट उघडी असेल तर पाच वॅट पुरतात. वाट बंद असेल तर हजार वॅटही डोके आपटून परत येतात. बाजारात मिळणारे हौशींचे संच साधारण शंभर वॅटचे असतात. पण काही जण मुद्दाम शक्ती उतरवून पाच वॅट किंवा त्याहून कमीवर काम करतात. तारयंत्राच्या सांकेतिक भाषेत 'शक्ती कमी करा' याला 'क्यूआरपी' म्हणत. तेच या छंदाचे नाव झाले. १९७४ मध्ये इंग्लंडमधले पाद्री जॉर्ज डॉब्ज यांनी याच नावाचा क्लब सुरू केला. एका वॅटमागे हजार मैल गाठणाऱ्याला प्रमाणपत्र देण्याची पद्धतही या मंडळींत आहे.

गॉयडरचे पुढे काय झाले? याच प्रश्नाने मला हा लेख लिहायला बसवले. तो भारतात आला. १९३६ मध्ये, 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडले त्याच वर्षी, तो तिथे मुख्य अभियंता म्हणून रुजू झाला आणि पुढची दहा वर्षे राहिला. देश प्रचंड, पैसा थोडा. मध्यम लहरींची स्टेशने शहराभोवतीचा टापू तेवढा सांभाळणार. मग १९३७-३८ मध्ये दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे शॉर्टवेव्हचे ट्रान्समीटर उभे राहिले. शाळेत असताना ज्या लहरींवर त्याने जगाचे दुसरे टोक गाठले, त्यांच्यावरच त्याने एका खंडाएवढा देश जोडला. आपल्या आजोबांनी चावडीवरच्या रेडिओवर दिल्लीच्या बातम्या ऐकल्या असतील, तर त्यामागे मिल हिलचा हा माजी विद्यार्थी होता.

आपल्या भागाला आखूड लहरी त्याआधीच माहीत झाल्या होत्या. मार्कोनी कंपनीही त्यांच्याकडे वळली आणि १९२७ मध्ये इंग्लंडशी थेट तारायंत्राची 'बीम' सेवा सुरू झाली. तिचे पाठवण्याचे केंद्र खडकीला आणि ऐकण्याचे दौंडला होते. दौंड म्हटले की आपल्याला गाडी बदलणे आणि स्टेशनवरचा चहा एवढेच आठवते!

लहरी कोणाची चाकरी करत नाहीत, हेही मुंबईनेच दाखवले. युद्ध सुरू होताच सरकारने हौशींचे परवाने बंद केले होते. तरी ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरपर्यंत, पोलिसांचा छापा पडेपर्यंत, चालला. त्याच्या तांत्रिक बाजूला असलेले नरिमन प्रिंटर हे मूळचे हौशी रेडिओवालेच. तेव्हा सरकारी रेडिओचा मुख्य अभियंता गॉयडर होता. एकाच हौसेतून आलेली दोन माणसे, समोरासमोरच्या बाजूंना.

आता आपल्या शाळेकडे येतो. आठवीत असताना आपल्या विज्ञानाच्या सरांनी आम्हा तिघांना प्रयोगशाळेची किल्ली दिली होती. सुट्टीत क्रिस्टल रेडिओ करा म्हणाले. झेंड्याच्या खांबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत तार बांधली. शिपाईमामांनी ती दोनदा कपडे वाळत घालायची समजून सोडवली. तिसऱ्यांदा मुंबई केंद्र लागले, बॅटरीशिवाय, तेव्हा सरांनी स्वतः हेडफोन लावून बातम्या संपेपर्यंत काढला नाही. मग आमची भूक वाढली. ट्रान्समीटर करू या, म्हणालो. सरांनी स्पष्ट नकार दिला: परवान्याशिवाय नाही. पण दुसऱ्या दिवशी परीक्षेची माहिती एका कागदावर लिहून आणली. मोर्स शिकावे लागेल, परीक्षा मुंबईला. आणि विचारले, "पण समजा केलास, तर किती लांब जाईल रे?"

मला उत्तर आले नाही. मुंबईला जायचे पैसे घरी मागण्याची सोय नव्हती. तो कागद वहीत राहिला, वही माळ्यावर. परवाना निघाला तेव्हा माझे वय सदतीस होते.

पहिली काही वर्षे मीही शंभर वॅटवालाच होतो. मग हैदराबादच्या अशर फरहान यांनी या शतकाच्या सुरुवातीला तयार केलेला 'बिटएक्स' हा संच हाती आला. हाती आला म्हणजे, सुटे भाग जमवून केला. पाच-सहा वॅटचा हा रेडिओ साध्या बाजारात मिळणाऱ्या भागांतून व्हावा, असा त्यांचा हट्ट होता. त्याच्या मूळ आराखड्यात तारेची वेटोळी चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळायची होती! आमच्या नळवाल्या दुकानदाराला मी कोणते वॉशर का निवडतो, हे शेवटपर्यंत समजले नाही. जगभर हजारोंनी तो संच केला.

मोर्ससाठी माझ्याकडे असाच एक दुसरा, घरी जुळवलेला संच आहे. एका हिवाळ्यात सूर्य मावळताना गच्चीवर बसलो होतो. मोटारसायकलची बॅटरी, दोन बांबूंमध्ये ताणलेली दहा मीटर तार, वीस मीटरचा बँड. इटलीतल्या एका स्टेशनने उत्तर दिले. पाच वॅटवर त्याला मी बरा ऐकू येत होतो. मी त्याला थांबायला सांगितले आणि शक्ती दोन वॅटवर आणली. सायकलच्या दिव्याएवढी. पुन्हा नाव-गाव पाठवले. मध्ये एक लाट आली, त्याचा आवाज पार बुडाला, अगदी सयानींसारखा, आणि परत वर आला. त्याने माझे सगळे बरोबर घेतले होते. सहा हजारांवर किलोमीटर, म्हणजे एका वॅटमागे तीन हजार. खाली आल्यावर माळ्यावरची वही काढली. सरांचा कागद पिवळा पडला होता, पण अक्षर स्वच्छ होते.

आता तर संगणकाच्या मदतीने याहून पुष्कळ कमी शक्तीत काम होते. पल्सारवरच्या संशोधनासाठी १९९३ चे नोबेल मिळालेले जो टेलर हे हौशी रेडिओवालेही आहेत. त्यांनी २००८ मध्ये काढलेल्या पद्धतीत खरखरीत पार गाडलेला संकेतही ओळखता येतो. मी ती वापरतो, पण मजा मोर्समध्ये. तिथे मधली खरखर माझ्याच कानांना उपसावी लागते.

संयोजक सांगतात, सर मेळाव्याला येणार आहेत. शाळेत संच लावण्यासाठी रीतसर परवानगीचा अर्ज केला आहे. ती वेळेत आली नाही तर नुसते ऐकू, त्याला अडचण नाही. झेंड्याचा खांब जागेवर आहे. टाकी नवी झाली आहे, पण उंची तीच. शनिवारी पहाटे साडेपाचला मी तार बांधायला येईन. दोन माणसे मदतीला हवीत, आणि हेडफोनची जोडी मी एकच आणणार आहे. ती आधी सरांना मिळेल.