अनोळखी माणसाशी ऑनलाइन वाद: तो का चिघळतो, कुणाचं मत बदलतं आणि कायदा मध्ये कधी येतो?

चौकाचौकात सीसीटीव्ही लावले तर सुरक्षितता वाढते की पाळत? एआयमुळे नोकऱ्या जाणार की नाही? सोसायटीच्या गेटवर भटक्या कुत्र्यांना खायला घालावं का? विषय कुठलाही असो, कमेंट बॉक्समध्ये दोन माणसं भिडतात. एकमेकांना कधी भेटलेली नसतात, बहुतेक कधी भेटणारही नसतात. तरी रात्री बारा वाजता एक जण दुसऱ्याला 'आधी अभ्यास करून या' असं सांगत असतो, आणि दुसरा स्क्रीनशॉट शोधत असतो.

असा वाद आपल्याला दोघांतला वाटतो. प्रत्यक्षात तो जाहीर असतो आणि लेखी असतो. एवढी गोष्ट लक्षात घेतली, तर तो इतका का भडकतो, कधी कधी उपयोगी का पडतो आणि क्वचित पोलिस ठाण्यापर्यंत का जातो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बऱ्यापैकी सापडतात.

टपरीवर असं का होत नाही?

चहाच्या टपरीवरही राजकारणावरून आवाज चढतात. पण तिथे समोरच्याचा चेहरा दिसतो. तो दुखावला, चिडला, की नुसती मजा घेतोय हे कळतं. तिसरा कोणी तरी 'जाऊ द्या हो भाऊ' म्हणतो आणि विषय क्रिकेटवर जातो. कोण काय बोललं, हे दुसऱ्या दिवशी कुणाला नीट आठवतही नाही.

कमेंटमध्ये यातलं काहीच नसतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली यावर एक निबंध लिहिला, तो आजही या विषयात सतत उद्धृत होतो. ओळख लपलेली असणं, समोरचा न दिसणं, उत्तर लगेच द्यायची सक्ती नसणं, वयाचा किंवा हुद्द्याचा दरारा न उरणं अशा कारणांमुळे माणूस ऑनलाइन जास्त मोकळा होतो, असं त्यांनी मांडलं. मोकळेपणा दोन्ही दिशांनी जातो, हेही त्यांनीच सांगितलं. काही जण एरवी कुणाला न सांगितलेलं दुःख अनोळखी लोकांना सांगतात, तर काही जण शिव्या देतात.

आपल्याला सगळा दोष 'फेक अकाउंट'ला द्यायची सवय आहे. इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली हे तपासलं. अनोळखी लोकांच्या जोड्या लावून त्यांना एका अवघड पेचावर चॅटवर वाद घालायला दिला. काहींची नावं लपवली, काहींना एकमेकांना दिसू दिलं नाही, काहींना थेट डोळ्यांत पाहता येईल अशी सोय केली. नाव लपवण्यापेक्षा नजरेला नजर नसणं हे कारण जास्त वजनदार ठरलं.

मग खऱ्या नावाची सक्ती केली तर?

दक्षिण कोरियाने करून पाहिली. २००७ पासून मोठ्या वेबसाइटवर काही लिहायचं तर आधी खरी ओळख पटवून द्यावी लागायची. शिवीगाळ म्हणावी तशी कमी झाली नाही, उलट कंपन्यांकडे लोकांच्या ओळखीची माहिती साठत गेली. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या सोशल नेटवर्कवर हॅकिंग झालं आणि सुमारे साडेतीन कोटी लोकांचा तपशील चोरीला गेला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१२ मध्ये, तिथल्या घटनात्मक न्यायालयाने एकमताने हा नियम रद्द केला. भारतात २०२१ च्या आयटी नियमांनुसार मोठ्या प्लॅटफॉर्मना ओळख पडताळणीची सोय द्यावी लागते, पण ती ऐच्छिक आहे.

आपल्याकडे तर खरं नाव, लग्नातला फोटो आणि गावाचं नाव लावून लोक बिनदिक्कत शिव्या घालतात. फेसबुकवरचा कुठलाही राजकीय लाइव्ह उघडा आणि खाली पाहा.

भांडखोर लोक वेगळे असतात का?

इथे संशोधनाची दोन टोकं दिसतात आणि दोन्ही वाचण्यासारखी आहेत.

डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाचे अलेक्झांडर बोर आणि मायकेल बँग पीटरसन यांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंटरनेटवर आल्यावर साधा माणूस राक्षस होतो, ही समजूत त्यांना फारशी टिकताना दिसली नाही. राजकीय चर्चेत ऑनलाइन आक्रमक असणारे लोक प्रत्यक्षातही तसेच असतात. फरक इतकाच, की टपरीवर त्यांचा आवाज पाच जणांना ऐकू जातो आणि इथे हजारो जणांना दिसतो.

दुसरीकडे, स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग मांडला. लोकांना आधी सोपी किंवा मुद्दाम अवघड चाचणी दिली, म्हणजे काहींचा मूड चांगला राहिला, काहींचा गेला. मग एक लेख वाचून कमेंट करायला सांगितलं. काहींना आधीच्या कमेंट साध्या दिसत होत्या, काहींना खवचट. मूड चांगला आणि आधीच्या कमेंट साध्या, अशा गटातल्या ३५ टक्के लोकांनी ट्रोलिंग म्हणावं असं काही लिहिलं. मूड खराब आणि वरच्या कमेंटही तशाच, अशा गटात हे प्रमाण ६८ टक्क्यांवर गेलं. हे सगळे साधेच लोक होते. ऑफिसातला वाईट दिवस आणि आधीच पेटलेला थ्रेड एवढं पुरेसं असतं.

माझ्या मते दोन्ही निष्कर्ष एकत्र बसतात. मूळचे भांडखोर मोजके असतात, पण पहिल्या तीन कमेंट त्यांच्या पडल्या की पुढचे आपण असतो.

हे काही स्मार्टफोनने आणलेलं नाही. १९८०च्या दशकात युजनेट नावाच्या चर्चागटांवर विद्यापीठातले लोक, म्हणजे शिकलीसवरलेली माणसं, असंच भांडायची. १९९० मध्ये माइक गॉडविन यांनी ते बघून गमतीने एक 'नियम' मांडला: ऑनलाइन चर्चा जितकी लांबते, तितकी कुणीतरी कुणाची तरी तुलना हिटलरशी किंवा नाझींशी करण्याची शक्यता वाढत जाते. आपल्याकडे हिटलरपर्यंत जायची गरज पडत नाही. 'भक्त', 'चमचा', 'पाकिस्तानात जा' यापैकी काहीतरी दहाव्या कमेंटच्या आत येतंच, आणि ते आलं की मूळ विषय संपला असं समजायला हरकत नाही.

पण मत बदलतं का कुणाचं?

बदलतं. कमी वेळा, पण बदलतं.

रेडिटवर एक चर्चागट आहे, तिथे लोक आपलं मत मांडून 'मला चुकीचं ठरवा' असं आव्हान देतात. एखाद्याच्या उत्तराने मत बदललं तर त्याला 'डेल्टा' हे ग्रीक अक्षर बक्षीस म्हणून देतात. त्यामुळे कोणत्या उत्तराने मन वळलं याची आयती नोंद तयार होते. कॉर्नेल विद्यापीठातल्या चमूने २०१६ मध्ये ही नोंद तपासली. यशस्वी उत्तरांत मूळ पोस्टमधलेच शब्द परत वापरण्यापेक्षा नवे शब्द, म्हणजे बहुधा नवा मुद्दा, जास्त असायचा. संदर्भाची लिंक असायची, भाषा शांत असायची. आणि 'असंही असू शकेल', 'कदाचित' अशी थोडी सैल वाक्यं दिसायची. ठाम बोललं की पटतं, असं आपल्याला वाटतं, पण या नोंदीत तसं दिसलं नाही.

त्यातली मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट म्हणजे फेऱ्यांची. एक-दोनदा इकडून तिकडे बोलणं झालं तर मत बदलायची शक्यता वाढते. चार-पाच फेऱ्यांनंतर मात्र ती जवळजवळ संपते. म्हणजे तुम्ही सहावं उत्तर टाइप करत असाल, तर ते समोरच्याला पटवण्यासाठी उरलेलं नाही.

ते लोक तिथे मत बदलायची तयारी ठेवूनच आलेले होते, हे विसरू नका. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे काका तसे आलेले नसतात. तरीही चुकीच्या माहितीला उत्तर देण्यात अर्थ आहे, कारण बाकीचे वाचत असतात. अमेरिकेतल्या लेटिशिया बोड आणि एमिली व्रागा या संशोधकांनी आरोग्याविषयीच्या अफवांवर काम केलं. एखाद्याची चूक दुसऱ्याने उघडपणे, संदर्भ देऊन दुरुस्त केली, तर तो संवाद नुसता पाहणाऱ्यांचेही गैरसमज कमी होतात असं त्यांना आढळलं. तुमचं उत्तर खरं तर त्या गप्प बसलेल्या पन्नास जणांसाठी असतं. त्यांना एक नीट उत्तर पुरतं.

कायदा कुठे येतो?

जाहीर आणि लेखी असण्याची दुसरी बाजू ही. टपरीवरचं बोलणं हवेत जातं, कमेंट पुरावा म्हणून उरते.

महाराष्ट्राला याचं सर्वांत मोठं उदाहरण माहीत आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरमधल्या एका तरुणीने त्या बंदवर प्रश्न विचारणारी पोस्ट फेसबुकवर टाकली. तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पुढे गुन्हा मागे पडला, पोलिस अधिकाऱ्यांचं निलंबनही झालं. पण एका पोस्टसाठी, आणि दुसरीच्या बाबतीत एका लाइकसाठी, हे घडून गेलं होतं.

त्यात वापरलं गेलेलं आयटी कायद्याचं कलम ६६अ 'त्रासदायक' किंवा 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकुरासाठी तीन वर्षांपर्यंत कैद सांगत होतं. त्रासदायक म्हणजे काय, हे कुठेच स्पष्ट नव्हतं. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने त्याला आव्हान दिलं आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. त्या निकालात तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत: चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी घटनेच्या संरक्षणात येतात. चिथावणीच्या पायरीवर पोचल्यावरच बंदी घालता येते. गंमत म्हणा की दुर्दैव, रद्द झालेल्या या कलमाखाली पुढेही गुन्हे दाखल होत राहिले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर आश्चर्य व्यक्त केलं आणि २०२२ मध्ये या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये असा आदेश दिला. त्यामुळे कुणी '६६अ लावू' अशी धमकी दिली तर त्यात दम नाही.

बाकीची कलमं मात्र आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दोन समाजांत तेढ निर्माण करणं कलम १९६ मध्ये आणि जाणीवपूर्वक धार्मिक भावना दुखावणं कलम २९९ मध्ये येतं. या दोन्हींत पोलिस थेट अटक करू शकतात. बदनामी कलम ३५६ मध्ये आहे, त्यासाठी ज्याची बदनामी झाली त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. धमकी कलम ३५१ मध्ये येते, आणि इथे एक बारकावा आहे: धमकी नाव लपवून दिली असेल तर मूळ शिक्षेखेरीज आणखी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एखाद्या स्त्रीने नको म्हटल्यावरही तिला पुन्हा पुन्हा मेसेज करणं किंवा तिच्या ऑनलाइन वावरावर नजर ठेवणं हा कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. वाद कमेंटमधून इनबॉक्समध्ये शिरला की हे कलम जवळ येतं.

लाइक, फॉरवर्ड आणि ग्रुप अॅडमिन यांचं काय? अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं, की पोस्ट नुसती लाइक करणं म्हणजे आयटी कायद्याच्या कलम ६७ नुसार ती प्रसिद्ध करणं नव्हे, पण शेअर करणं वेगळं. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका प्रकरणात फॉरवर्ड करणाऱ्याला 'मी फक्त पुढे पाठवलं' या बचावाआड लपू दिलं नाही. आणि अॅडमिन मंडळींसाठी दिलासा आपल्याच नागपूर खंडपीठाचा: गोंदियातल्या एका प्रकरणात २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी अॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही, त्याचाही तसा समान हेतू होता हे दाखवावं लागतं.

वाद धमकीवर आला तर

पहिली प्रतिक्रिया ब्लॉक करायची असते, पण त्याआधी पुरावा घ्या. नुसता कमेंटचा स्क्रीनशॉट पुरत नाही. त्यात प्रोफाइलचं नाव, युजरनेम, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे, आणि पोस्टची लिंक वेगळी जपून ठेवली पाहिजे. नाव आणि डीपी पाच मिनिटांत बदलता येतात, प्रोफाइलच्या लिंकवरून मात्र खात्याचा माग काढणं सोपं जातं. मूळ मेसेज फोनमधून पुसू नका, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि ते देताना मूळ उपकरण महत्त्वाचं ठरतं.

मग प्लॅटफॉर्मवर रिपोर्ट करा. त्यांनी दाद दिली नाही तर तक्रार अधिकारी असतो, त्याचा पत्ता अॅपच्या मदत विभागात मिळतो. त्याच्या निर्णयाविरुद्ध केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. जीवाची धमकी, फोटोंचा गैरवापर किंवा घरचा पत्ता जाहीर करणं यासाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार द्या. १९३० हा क्रमांक पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, हे बरेच जण गोंधळतात.

आणि वाद सुरू करण्याआधीच एकदा स्वतःचं प्रोफाइल अनोळखी माणसाच्या नजरेने पाहून घ्या. लॉगआउट करून किंवा दुसऱ्या फोनवरून उघडा. मुलांच्या शाळेच्या गणवेशातला फोटो, सोसायटीच्या नावाची पाटी, गाडीचा नंबर, ऑफिसचं ओळखपत्र यातलं काय काय दिसतं ते मोजा. जे दिसेल ते आधी 'फ्रेंड्स ओन्ली' करा, कमेंट नंतर लिहा.