गोळीची आठवण कोणाकडे?

मंडळी, मोलगीत आज विस्मरणाच्या आजारावर बोलायचं आहे, पण सुरुवात मी क्षयापासून, म्हणजे टीबीपासून करणार आहे. औषध घरीच घ्यायचं, पण रुग्णाच्या एकट्याच्या भरवशावर नाही, ही गोष्ट आपण त्या रोगाकडून शिकलो.

१९५६ साली मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. काही क्षयरोगी सॅनेटोरियममध्ये, काही आपापल्या घरी, तेही गरीब, दाटीच्या वस्तीत. वर्षभर दोघांनाही तीच औषधं. १९५९ साली निष्कर्ष छापून आला: घरचे रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले होते. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिथली माणसं न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासत. कारण 'घेतली' असं माणूस म्हणतो, आणि गोळी डबीतच असते! पुढे यातूनच कुणाच्या तरी देखत गोळी गिळण्याची पद्धत आली. १९९७ पासून ती 'डॉट्स' या नावानं देशभर पसरली. प्रत्येक रुग्णाच्या नावाचा वेगळा खोका, लाल किंवा निळा. तुमच्यापैकी काहींनी तो पाहिला असेल.

आता स्मृतिभ्रंश. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे, पण तिथे तो क्रोधाच्या वाटेनं येतो. मेंदूच्या झिजेशी त्याचा संबंध नाही. आपण तर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होतो. टीबीचा रुग्ण गोळी विसरला तर त्याला आठवण करून देता येते. इथे आजीला गोळी घेतल्याचंच आठवत नाही, म्हणून ती पुन्हा घेते. मधुमेहाची गोळी अशी दोनदा गेली तर साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकतं.

तेव्हा डबा तिच्या हाताशी नको. एकाच माणसानं द्यावी, समोर गिळू द्यावी आणि लगेच कॅलेंडरवर खूण करावी. लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशाची रेघ चालेल. चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून देऊ नका. नको म्हणाली तर जबरदस्ती नको, थोड्या वेळानं पुन्हा विचारा. कुटून किंवा भाकरीत घालून देण्याआधी डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या कुटायच्या नसतात.

डॉट्सला सहा-आठ महिन्यांनी शेवट होता. याला नाही. आणि दिवाळीनंतर इथली कितीतरी घरं गुजरातेत कामाला जातात. सून गेली की डबा कोणाकडे? कळता नातू असेल, शेजारीण असेल, आशाताईंच्या कानावर घातलेलं असेल. पण हे निघायच्या आदल्या रात्री ठरत नाही. चार दिवस आधी त्या माणसाच्या हातून गोळी देऊन बघा, मग गाडीत बसा.