व्हीडीआरएलच्या थेंबाची कुळकथा

गरोदरपणातल्या तपासण्यांच्या यादीत हिमोग्लोबिनच्या खाली ‘व्हीडीआरएल’ असं लिहिलेलं असतं. ही सिफिलिसची, म्हणजे उपदंशाची रक्ततपासणी. तिचा मूळपुरुष 1906 सालचा, जर्मनीतला. वासरमान, नायसर आणि ब्रुक यांना रक्तद्रवातली प्रतिद्रव्यं पकडायला अँटिजेन हवं होतं. पण उपदंशाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नव्हता. म्हणून त्यांनी जन्मजात उपदंशानं दगावलेल्या अर्भकाचं यकृत घेतलं. ते जंतूंनी भरलेलं असे. त्याचा पाण्यात काढलेला अर्क हेच त्यांचं अँटिजेन.

वर्षभरातच हा पाया हलला. निरोगी प्राण्यांच्या अवयवांचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्कही तेच काम करतो, असं लँडस्टायनर आणि इतरांनी दाखवलं. म्हणजे रक्तद्रव चिकटत होतं ते जंतूला नव्हे, अल्कोहोलमध्ये विरघळणाऱ्या स्निग्ध पदार्थाला! मग बैलाच्या हृदयाचे अर्क रूढ झाले, त्यांत कोलेस्टेरॉल मिसळलं जाऊ लागलं आणि तपासणी जास्त संवेदनशील झाली. मात्र प्रत्येक घाण्याचा अर्क वेगळा निघे, त्यामुळे एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीशी जुळेलच असं नव्हतं.

हा घोळ मेरी पँगबॉर्न यांनी मिटवला. न्यूयॉर्क राज्याच्या ऑल्बनी इथल्या प्रयोगशाळेत त्यांनी बैलाच्या हृदयातून नेमका क्रियाशील पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला आणि 1941 मध्ये तो जाहीर केला. त्याचं नाव कार्डिओलिपिन. माझ्या मते या सगळ्या कुळात खरा मान त्यांचा आहे. अर्काच्या जागी मोजूनमापून घेता येणारा पदार्थ त्यांच्यामुळे आला. 1946 मध्ये त्यावरच व्हीडीआरएल उभी राहिली. तिच्या अँटिजेनमध्ये 0.03 टक्के कार्डिओलिपिन, 0.9 टक्के कोलेस्टेरॉल आणि साधारण 0.21 टक्के लेसिथिन असतं, सारं शुद्ध अल्कोहोलमध्ये.

प्रमाण ठरलं तरी हाताचं काम उरलंच. बाटलीत 0.4 मिलि बफर सलाइन घ्यायचं, बाटली गोल फिरवत त्यात 0.5 मिलि अँटिजेन थेंबथेंब सोडायचं, तेही साधारण 6 सेकंदांत. आणखी 10 सेकंद फिरवून 4.1 मिलि सलाइन घालायचं आणि हलवायचं. सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या दिसल्या की निकाल पॉझिटिव्ह; इथे हात चुकला तर कण जाडे होतात आणि नसलेल्या गुठळ्या दिसू शकतात. हे मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. खोलीचं तापमानही 23 ते 29 अंश हवं; गारठ्यात प्रतिक्रिया मंदावते. शिवाय रक्तद्रव आधी 56 अंशांवर अर्धा तास तापवावं लागतं.

पुढे आरपीआर या सुधारित तपासणीत ईडीटीएमुळे तयार मिश्रण टिकू लागलं, कोलीन क्लोराइडमुळे तापवणं सुटलं आणि कोळशाच्या कणांमुळे गुठळी नुसत्या डोळ्यांना दिसू लागली. आज ‘व्हीडीआरएल’ म्हणून होणारी तपासणी अनेकदा हीच असते.

अँटिजेन मात्र अजून कार्डिओलिपिनच आहे, आणि ते आपल्याही पेशींत असतं. त्यामुळे मलेरिया, कुष्ठरोग, ल्यूपस, क्वचित नुसत्या गरोदरपणातही अहवाल पॉझिटिव्ह येऊ शकतो. तसा आला तर घरात कुणावर संशय घेण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि जंतूचंच अँटिजेन वापरणारी टीपीएचए करून घ्या.