कारंज्याची शकुंतला आणि एसटीचा पास

वऱ्हाडातला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला पोचावा म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ११३ किलोमीटरची नॅरोगेज लाइन टाकली. वाटेत कारंजा लाड. इथला नियंत्रित कापूस बाजार १८८६चा, देशातला पहिला. गाडी आली ती या कापसासाठी; पण माणसांनी तिला आपलंसं केलं आणि शकुंतला म्हटलं.

स्वातंत्र्यानंतर बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, हिच्या रुळांची मालकी मात्र खासगी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत तिला ओढत होतं. मग डिझेल आलं, तरी चाल रमतगमतच. शेवटच्या काळात बऱ्याच स्टेशनांवर रेल्वेचा माणूसच उरला नव्हता. गाडी थांबली की गार्ड खाली उतरून स्वतः तिकिटं द्यायचा. भाडं एसटीच्या मानाने अगदी किरकोळ. गाठोडं घेऊन बाजाराला निघालेल्या बाईला ते परवडायचं. दहाच्या ठोक्याला कचेरी गाठायची असेल त्याला नाही.

तो एसटीकडे वळला. आणि एसटीने त्याला पासात बांधून घेतला.

प्रवासी असे बांधून ठेवायला अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली मैल मोजून त्यांना बक्षिसं द्यायला सुरुवात केली. एसटीचा हिशेब त्याहून सरळ: मासिक पासाला वीस दिवसांचं भाडं भरा, तीस दिवस फिरा. ऐकायला दहा दिवस फुकट. पण कारंजा-मंगरूळपीर अप-डाऊन करणाऱ्या मास्तरला रविवार वजा जाता महिन्यात पंचवीसच फेऱ्या पडतात, म्हणजे सुटतं पाच दिवसांचं भाडं. त्यात पाच दिवस सुट्टी किंवा आजारपण निघालं की फायदा शून्य. दिवाळीच्या महिन्यात तर पास काढणं हा शुद्ध तोटाच.

खरी गोची स्टँडवर होते. समोर काळी-पिवळी टॅक्सी भरत आलेली, ड्रायव्हर हाका मारतोय आणि बसचा पत्ता नाही. खिशात पास नसता तर माणूस केव्हाच आत कोंबून बसला असता. पण आधीच भरलेले पैसे त्याचा पाय धरतात. पासाने भाडं वाचतं; अर्धा तास जातो तो कुणी मोजत नाही.

१७ मार्च २०२३पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि हे गणितच फिरलं. पंचवीस दिवस अर्धं तिकीट काढलं तर साडेबारा दिवसांचं भाडं पडतं, पूर्ण दराच्या पासाला वीस दिवसांचं. मास्तरीणबाईंना आता आगाऊ पैसे अडकवायची गरज नाही. बस उशिरा आली तर त्या काळी-पिवळीत बसू शकतात, फक्त तिथे भाडं पूर्ण पडतं.