मालिका संपल्यावरची कथा

२०१९ सालच्या पावसाळ्यात काही कामानिमित्त आम्ही बारामतीस एका स्नेह्यांच्या घरी दोन दिवस उतरलो होतो. रात्रीची जेवणे आटोपली, आणि घरातील लहानथोर सारी मंडळी दूरचित्रवाणीसमोर येऊन बसली. त्या वेळी झी मराठी वाहिनीवर ‘रात्रीस खेळ चाले’ या रहस्यमालिकेचे दुसरे पर्व चालू होते. २०१६ सालच्या पहिल्या पर्वाचा आरंभच कोकणातील नाईक घराण्याच्या कर्त्या पुरुषाच्या, म्हणजे अण्णा नाईकांच्या मृत्यूने झाला होता. मरून गेलेल्या ह्या माणसाविषयी प्रेक्षकांस एवढे कुतूहल वाटू लागले, की दुसऱ्या पर्वात मालिकाकारांनी काळ मागे नेला आणि अण्णांस जिवंतपणी दाखविले. त्यांच्या आयुष्यात आलेली शेवंता ही बाई त्यामुळे घरोघरी ओळखीची झाली.

भाग संपला. आमच्या यजमानांच्या मातोश्री एका बाजूस बसून पाहत होत्या. वय ऐंशीच्या घरात, माहेर इंदापूर तालुक्यातले, शाळा चार इयत्तांपलीकडे नाही. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, “सर, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. त्या अण्णाचं सगळं दाखवलं. पण शेवंतेच्या मनात काय होतं, ते कुठं लिहिलेलं आहे का हो?”

“नाही, आजी,” आम्ही म्हणालो.

“मग तिचं कुणाला कळणार?” एवढे बोलून त्या झोपावयास गेल्या. आम्हांस मात्र त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

आजींनी नकळत ज्या ग्रंथप्रकाराची मागणी केली, तो पाश्चात्य देशांत आता चांगला रूढ आहे. त्यास आपण पूरक ग्रंथ म्हणू. कादंबरीवरून मालिका बेतणे निराळे, व मालिकेतून ग्रंथ निघणे निराळे. पहिला प्रकार आपल्याकडे पुष्कळ झाला. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवरून ‘गहिरे पाणी’ झाले, आणि २०२० साली सुहास शिरवळकरांच्या ‘समांतर’ या कादंबरीवरून त्याच नावाची मालिका निघाली. पूरक ग्रंथाचा ओघ याच्या उलट असतो. पडद्यावर जी गोष्ट सांगून झाली, तिच्यातील एखादी रिकामी जागा धरून तो लिहिला जातो. पात्राचे बालपण, गावाचा पूर्वेतिहास, सापडलेली कागदपत्रे, असे त्याचे विषय असतात.

या प्रकारातील सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. ८ एप्रिल १९९० रोजी तेथे डेव्हिड लिंच व मार्क फ्रॉस्ट यांची ‘ट्विन पीक्स’ ही मालिका सुरू झाली. डोंगरातल्या एका लहान गावी नदीकाठी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले एका शाळकरी मुलीचे प्रेत सापडते, येथून कथेस प्रारंभ. मुलीचे नाव लॉरा पामर. तिला कोणी मारले, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात साऱ्या देशाच्या तोंडी होता. पहिले पर्व मे महिन्यात संपले, तेव्हा उत्तर मिळालेले नव्हते. दुसरे पर्व सप्टेंबरच्या अखेरीस सुरू व्हावयाचे होते. त्या मधल्या काळात, सप्टेंबरातच, ‘लॉरा पामरची गुप्त रोजनिशी’ या अर्थाच्या नावाचे एक पुस्तक बाजारात आले. लेखिका जेनिफर लिंच, म्हणजे मालिकाकाराचीच कन्या, त्या वेळी अवघ्या बाविशीची.

गंमत अशी, की मालिकेतील तपासनीसांस लॉराची अशी दुसरी, लपविलेली रोजनिशी असल्याचा सुगावा लागतो तो दुसऱ्या पर्वात. म्हणजे ज्या पुराव्याच्या शोधात पडद्यावरचे लोक धावत होते, तो वाचकाच्या उशाखाली आधीच येऊन पडला होता! पुस्तक खपले खूप, आणि विक्रीच्या याद्यांत वरच्या जागी गेले. यात व्यापाराचा डाव होता, हे सांगणे नलगे. पण नुसता डाव म्हणून ते टाकून देता येत नाही. मालिकेत लॉरा पहिल्या दृश्यापासून मेलेली आहे. तिच्याविषयी बोलतात ते इतर: बाप, आई, मित्र, गावकरी, पोलीस. प्रत्येकाची लॉरा वेगळी. ती स्वतः बोलते ती ह्या पुस्तकात. बाराव्या वाढदिवसास रोजनिशी भेट मिळालेली एक साधी पोर प्रथम मांजर, घोडा, मैत्रिणी यांविषयी लिहिते. मग रात्री खिडकीतून येणाऱ्या एका पुरुषाविषयी लिहू लागते, आणि तेथून अक्षर व भाषा दोन्ही बिघडत जातात. शेवटी शेवटी काही पाने फाटलेली आहेत अशी नोंद येते. लेखिकेस खुनी कोण हे ठाऊक होते. तरी तिने तो उघड केला नाही. रहस्याचे उत्तर वाचकास मिळत नाही. मिळते ते एवढेच, की हे उत्तर त्या मुलीला कितीतरी आधी कळलेले होते व तिचे ऐकणारे कोणी नव्हते. आमच्या मते पूरक ग्रंथाने करावयाचे काम हेच, आणि ते इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणी क्वचितच केले असेल.

पुढे अशा पुस्तकांची रीघ लागली. त्याच मालिकेतील डेल कूपर या तपासनीसाचे ‘आत्मचरित्र’ १९९१ साली निघाले. ते मार्क फ्रॉस्ट यांच्या भावाने, स्कॉट फ्रॉस्ट यांनी लिहिले. ‘लॉस्ट’ या मालिकेच्या संबंधाने २००६ साली ‘बॅड ट्विन’ नावाची कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यावर लेखक म्हणून नाव छापले ते मालिकेतल्या विमान-अपघातात मेलेल्या एका पात्राचे! ‘२४’ या हेरमालिकेच्या कादंबऱ्याही २००५ पासून निघाल्या. पण त्यांत नायकाची आणखी साहसे यापलीकडे फारसे नाही. असले ग्रंथ रेल्वेच्या प्रवासास बरे.

पात्राने आत्मचरित्र लिहावे ही कल्पनाही अमेरिकेची मिरासदारी नव्हे. १९९४ साली दूरदर्शनवर आलेली ‘चंद्रकांता’ ज्यांच्या हिंदी कादंबरीवर आधारलेली होती, त्या देवकीनंदन खत्रींनी १८८८ साली ती कादंबरी, पुढे चोवीस भागांची ‘चंद्रकांता संतति’ आणि मग त्या ‘संतति’तील भूतनाथ नावाच्या ऐयाराच्या जीवनकथेचा स्वतंत्र ग्रंथ, अशी एकातून एक कथा काढीत नेली. १९१३ साली ते वारले. ‘भूतनाथ’ अपुरा राहिला, तो त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी पुरा केला. तिकडे लिंच पितापुत्री, इकडे खत्री पितापुत्र. कथा घरच्या शेतीसारखी वारशाने चालली.

दुसरे दिवशी सकाळी आम्ही कऱ्हेकाठी फिरावयास गेलो. बारामतीत येऊन मोरोपंतांची आठवण होऊ नये, हे मराठीच्या अध्यापकास शक्य नाही. आदल्या रात्रीचा प्रश्न मनात घोळत असल्यामुळे पंतांकडे आम्ही त्या दिवशी जरा वेगळ्या दृष्टीने पाहिले.

मोरेश्वर रामचंद्र पराडकर हे १७२९ साली पन्हाळगडावर जन्मले, पुढे बारामतीस बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयास आले, आणि १७९४ साली येथेच त्यांनी देह ठेवला. नाईकांकडे पुराण सांगणे हे त्यांचे काम. आता पुराण म्हणजे काय? रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी, एकेक भाग सांगितली जाणारी कथाच की नाही? आज सभेत द्रौपदीस ओढीत आणले येथवर गोष्ट येते, पोथी बांधली जाते, आणि श्रोते उद्यापर्यंत जीव टांगून घरी जातात. त्या श्रोत्यांसाठी पंतांनी अवघे भारत आर्यावृत्तात उतरविले आणि रामायणे किती रचिली याची गणती परंपरा एकशे आठ सांगते. त्यांतले निरोष्ठ रामायण तर असे, की त्यात ओठ मिटून उच्चारावयाचे एकही अक्षर येत नाही. म्हणजे रामाच्या कथेत ‘राम’ हे नावच घेता येत नाही! ह्या शब्दकसरतींवरून पंतांस नावे ठेवण्याची चाल फार जुनी आहे, आणि आम्हीही तरुणपणी वर्गात ती ठेविली. परंतु एकच कथा एकशे आठ वेळा सांगावीशी वाटणारा माणूस केवळ कसरत करीत होता, हे आता आम्हांस पटत नाही. कथा सांगून संपते आणि तरी काही सांगावयाचे राहतेच, हे त्याला सतत जाणवत असले पाहिजे.

याला आधार त्यांच्याच रचनांत आहे. ‘कुशलवोपाख्यान’ घ्या. कुशलवांनी रामाच्या सैन्याशी युद्ध मांडले, हा प्रसंग आपल्याकडे पोरासोरांस ठाऊक आहे. पण वाल्मीकींच्या उत्तरकांडात तो नाही. तेथे ती मुले बापासमोर रामायण गातात, युद्ध करीत नाहीत. युद्ध येते ते जैमिनीच्या अश्वमेधात. हा जैमिनीचा ग्रंथ म्हणजे महाभारतास जोडलेला एक थोरला पूरक ग्रंथच होय. अश्वमेधाचा घोडा गावोगाव फिरतो, आणि व्यासांनी न सांगितलेल्या चंद्रहासाच्या, सुधन्व्याच्या, प्रमिलेच्या कथा त्याच्यामागे गोळा होतात. लोकांनी त्या इतक्या आपल्याशा केल्या, की मूळ कोणते व जोड कोणती याचा विसर पडला. १९८७-८८ साली रामानंद सागरांची ‘रामायण’ मालिका संपल्यावर लवकुशांची कथा वेगळी दाखवावी लागली, यामागेही हाच जुना ओढा होता.

पुरवणीने मूळ झाकले जावे, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकास सुखाची नाही. बखरींच्या बाबतीत तिचे कडू फळ आपण चाखलेलेच आहे. कथेच्या प्रांतातसुद्धा कुरकुर होतेच. ‘ट्विन पीक्स’ पंचवीस वर्षांनी २०१७ साली पुन्हा सुरू झाली. तिच्या आधी, २०१६ मध्ये, मार्क फ्रॉस्ट यांनी त्या गावाचा गुप्त इतिहास म्हणून कागदपत्रांचे बाड असावे असा एक ग्रंथ काढला. त्यात नॉर्मा या पात्राच्या आईविषयी जे लिहिले, ते जुन्या मालिकेशी जुळेना. चाहत्यांनी ओळ न् ओळ ताडून पाहिली, वादावादी झाली. २०१७ च्या अखेरीस आणखी एक ग्रंथ आला आणि त्यात मालिकेतील ती आई सावत्र ठरवून मेळ घालण्यात आला. आमच्या शास्त्रीमंडळींनी पुराणांतील विसंगतीवर कल्पभेदाचा तोडगा काढला होता, तोच हा! पण हे वाद वाचताना आमच्या मनात आले, की जे लोक काल्पनिक गावातील काल्पनिक बाईच्या मातृत्वासाठी एवढे भांडतात, त्यांनी ती कथा केव्हाच आपल्या घरात घेतलेली असते. लबाडी ती, की जी पुरवणी स्वतःस मूळ म्हणविते. लॉराची रोजनिशी तसे म्हणवीत नाही, जैमिनीही आपले नाव लपवीत नाही.

पंतांच्या रचनांत आणखी एक पुंजका आहे, ज्याकडे आम्ही पूर्वी फारसे लक्ष दिले नव्हते. स्त्रियांस सहज म्हणता यावीत म्हणून त्यांनी ओव्यांत ‘सीतागीत’, ‘सावित्रीगीत’ अशी काही गीते रचिली. आर्येचा हा अभिमानी पंडित संस्कृत समास खाली ठेवून बायकांच्या ओवीकडे वळला, यात आम्हांस आश्रयदात्याच्या मर्जीपेक्षा श्रोत्यांची मागणी दिसते. सभेत पुराण ऐकून घरी गेलेल्या बाईला सीतेचे काहीतरी आपल्यापाशी हवे होते.

दुपारी जेवणानंतर आजींजवळ हा विषय काढला. त्या हसल्या. मोरोपंतांचे गीत त्यांना ठाऊक नव्हते, पण सीतेच्या ओव्या लहानपणी जात्यावर आईच्या तोंडून ऐकलेल्या होत्या. अशा ओव्या गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्यातील आणि इतर भागांतील खेड्यापाड्यांतून हजारोंनी गोळा केल्या आहेत, आणि त्यांत सीतेच्या वनवासाचा भाग मोठा आहे.

वाल्मीकींच्या ग्रंथात लक्ष्मण सीतेस गंगेपलीकडे सोडून परततो. ती रडू लागते. मुनिकुमार तिला पाहतात, वाल्मीकींस सांगतात, ते येऊन तिला आश्रमात नेतात. लक्ष्मणाचा रथ दिसेनासा झाला आणि वाल्मीकी आले, या दोहोंमध्ये त्या गर्भार बाईजवळ कोण होते, याविषयी ग्रंथ गप्प आहे. जात्यावरच्या बायकांनी नेमकी हीच जागा धरली. त्यांच्या ओवीत रानात रडणाऱ्या सीतेची समजूत घालावयास बोरी आणि बाभळी बायका होऊन येतात.

आम्ही विचारले, “आजी, बोरी-बाभळीच का?”

“अहो, आमच्या माळाला दुसरं होतं काय?” त्या म्हणाल्या. नीरेच्या कालव्याने इंदापुराकडे जेथे पाणी पोचले तेथे आता उसाचे हिरवे रान दिसते. त्यांच्या माहेरच्या वस्तीवर ते पुष्कळ उशिरा आले. “जे रानात होतं तेच आलं. माणसं कुठं आली तिच्यासाठी?”

मग थोडे थांबून त्यांनी शेवंतेचा विषय स्वतःच पुन्हा काढला. मालिकेत तिचे नटणे दाखविले, हसणे दाखविले. पण ती एकटी असताना काय करते, कोणाशी बोलते, तिला आई होती का, हे त्यांना हवे होते. एवढे बारकावे त्यांनी एकामागून एक सांगितले, की एखाद्या संपादकाने तेथे कागद घेऊन बसावे. चार वाजता यजमान आम्हांस इंदापूरच्या गाडीवर बसवून देण्यास निघाले, तेव्हाही आजी दारात उभ्या राहून त्यांना सांगत होत्या, “सरांना सांग, कुणी लिहिलंच तर मला वाचून दाखवा म्हणावं.”