शरण आलेल्यांचं पुढे काय झालं?

दर २ ऑगस्टला सिल्वासात मुक्तिदिनाचं झेंडावंदन होतं. त्या रात्रीच्या गोष्टी आपल्या घरांतून आवडीने सांगितल्या जातात. पुढच्याच वर्षी ‘गीतरामायण’ गाणारे सुधीर फडके त्या तुकडीत होते, राजा वाकणकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते. कॅप्टन फिदाल्गो मात्र गोष्टीतून लवकर निघून जातो. सिल्वासा सोडून दीडशेच्या आसपास शिपाई घेऊन तो खानवेलकडे गेला आणि ११ ऑगस्ट १९५४ला उदव्याला शरण आला. इथे आपण पान उलटतो.

सात वर्षांनी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. डिसेंबर १९६१मध्ये इथून तासाभराच्या वाटेवरच्या दमणवर मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण चालून गेली. १९ तारखेला दमण आणि गोवा, दोन्ही पडले. सालाझारने गव्हर्नर व्हासालो ई सिल्वा यांना कळवलं होतं की एक तर जिंका, नाही तर मरा. त्या हुकुमात युद्धकैद्यांना जागाच नव्हती. प्रत्यक्षात तीन हजारांहून अधिक सैनिक कैद झाले.

त्यांना गोव्यात नावेली, आग्वाद, आल्पार्केरोस आणि फोंडा इथे ठेवलं. पहिले दिवस हालाचे गेले. सिमेंटच्या जमिनीवर झोपायचं, अंगमेहनत करायची. जानेवारीत बहुतेकांना फोंड्याच्या नव्या छावणीत हलवलं, तिथे बरं होतं. तरी १९ मार्चला काही जणांनी कचऱ्याच्या ट्रकमधून पळायचा प्रयत्न केला आणि तो फसला. अधिकाऱ्यांवर फार मोठं संकट आलं असतं, पण त्यांच्यातल्या एका जेझुइट पाद्र्याने मध्ये पडून ते निवारलं.

एवढा काळ का लागला? त्यांच्या सरकारलाच घाई नव्हती. शरण आलेले सैनिक लिस्बनला लाज वाटत होते. उलट तिकडे मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना पोर्तुगालने कोंडून ठेवलं. त्यांत गुजराती व्यापारी कुटुंबं पुष्कळ होती, आपल्या शेजारचीच माणसं. अखेर मे १९६२मध्ये कैदी विमानाने कराचीला आणि तिथून बोटींनी लिस्बनला गेले. धक्क्यावर स्वागताला लष्करी पोलीस उभे होते. व्हासालो ई सिल्वा यांना १९६३मध्ये लष्करातून काढून टाकलं. १९७४च्या क्रांतीनंतर त्यांना हुद्दा परत मिळाला. १९८०मध्ये ते गोव्यात आले, तेव्हा त्यांचं स्वागतच झालं! हे मला फार आवडतं.

खुणा शोधायला गेलं, तर पाच महिन्यांच्या छावणीचं मागे राहतं काय? बराकी पुढे दुसऱ्या कामाला लागतात, तारा निघतात. आग्वादच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. तिथे आधी पोर्तुगिजांनी आपले सत्याग्रही डांबले होते. आता तिथे संग्रहालय झालं आहे. गणपतीत गावी किंवा गोव्याला जाणाऱ्यांनी त्या कोठड्या बघाव्यात, आणि सत्याग्रहींनंतर तिथे कोण राहून गेलं तेही सोबतच्या मुलांना सांगावं.